दळण कोणाच्या डोक्यावर?

गटाच्या बैठकीत हल्ली एक वाद हमखास होतो. कोणीतरी घरघंटीसाठी कर्ज मागते. लगेच दुसरी म्हणते, शेळीला द्या, शिलाई मशीनला द्या, त्यातून चार पैसे तरी येतात. घरघंटीतून काय येणार, पीठच ना? कुकर आणि मिक्सरच्या वेळीही हेच बोलणं झालं होतं. म्हणून आज आम्ही दळणाचा इतिहास सांगायला बसलो आहोत. तो ऐका, आणि मग कर्जाचं काय ते ज्या त्या गटाने ठरवा.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 पासून बरीच वर्षं खोदकाम केलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं निघाली, आणि त्यात धान्य रगडायचे दगडही निघाले. आपल्या पाटा-वरवंट्याची ती पणजीच म्हणा. दोन तळ्यांचं, खुंटा धरून गरगर फिरवायचं जातं पुष्कळ मागाहून आलं. सातवाहनांच्या काळात ते आपल्याकडे वापरात होतं. म्हणजे दोन हजार वर्षांच्या आसपास या महाराष्ट्राची भाकरी जात्यावर चालली, आणि जातं चाललं बाईच्या खांद्यावर.

रोज पहाटे उठून दळायचं, ते का? आठवड्याचं एकदम दळून का ठेवायचं नाही? आमच्या तरुण मैत्रिणी हे नेहमी विचारतात. एक कारण तर उघडच आहे, हाताने आठवड्याचं दळण एका बैठकीत होत नाही. दुसरं कारण बाजरीत आहे. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश बराच असतो. पीठ ठेवलं की ते चार-आठ दिवसांत कडवट होतं. ज्वारीचं शिळं पीठही थापायला त्रास देतं, भाकरीला चिरा जातात. म्हणून रोजच्या रोज ताजं दळण, आणि दिवस उजाडला की रान वाट बघत असायचं म्हणून ते अंधारात. एका हाताने दाणे वैरायचे, दुसऱ्याने खुंटा ओढायचा. जातं गुळगुळीत झालं की पीठ जाड पडायचं, मग टाकी लावणारा गावात येईपर्यंत दुप्पट जोर लावायचा.

जनाबाईला दळू लागायला साक्षात विठ्ठल यायचा, असं आपण ऐकत आलो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं जातं दाखवतात. आम्हाला त्या गोष्टीत नेहमी वाटतं, मदतीला देव आला, पण घरातला कोणी पुरुष उठल्याचं कुठे ऐकलं नाही.

त्या अंधारातच ओव्या झाल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी 1980 नंतर गावोगाव फिरून त्या जमवल्या. हजाराहून जास्त गावं, लाखाहून जास्त ओव्या. माहेर, भाऊ, लेक, सासरचा जाच, पांडुरंग, आंबेडकरबाबा, सगळं त्यात आहे. काही जणी म्हणतात, गिरणी आली आणि ओवी गेली. खरं आहे ते. पण ओवीसाठी जातं परत आणा असं म्हणणाऱ्याने आधी महिनाभर पहाटे दळून दाखवावं, मग आम्ही ऐकू.

गिरणी आली ती आधी तेलाच्या इंजिनावर. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात 1946 साली निघाली. असली इंजिनं विहिरीवर बसली, तशी गिरणीतही बसली. 1960 ला महाराष्ट्र झाला, वीज मंडळ झालं, मग तारा जसजशा पोचल्या तशी विजेची मोटर आली. सुरुवातीला गिरणी दोन-तीन गावांत मिळून एक असायची. बाई डोक्यावर पाटी घेऊन कोस-दोन कोस चालायची, नंबर लावायची, पट्टा तुटला की हात हलवत परत. तरी ती खूश होती, कारण पहाटेची झोप मिळाली. पुढे गिरणी गावातच आली, घरी सायकल आली, आणि एक गंमत झाली. दळणाचा डबा सायकलच्या कॅरिअरवर गेला आणि सायकलवर मुलगा नाहीतर नवरा बसला. हजारो वर्षांत पहिल्यांदा दळणाचं काम बाईच्या अंगावरून थोडं उतरलं.

मिक्सर-कुकरची गोष्ट थोडक्यात सांगतो. प्रेशर कुकर आपल्याकडे 1959 च्या सुमारास बनू लागला. आत वाफ कोंडली की पाणी 100 ऐवजी 120 अंशांपर्यंत तापतं, डाळ लवकर शिजते, जळण वाचतं. मिक्सरचं श्रेय माथुर दांपत्याला. माधुरी माथुर यांच्या परदेशी मिक्सरची मोटर आपल्या वाटणाने जळाली, तेव्हा त्यांचे इंजिनिअर पती सत्यप्रकाश यांनी 1960 च्या दशकात जोरदार मोटरचा ‘सुमीत’ काढला. ओलं खोबरं, डाळ, सुकी मिरची वाटायची म्हणजे यंत्रही तसंच दणकट लागतं.

आता घरघंटीकडे येऊ. तिच्यात दगड नसतो. पाती दाण्याला झोडपतात आणि पीठ जाळीतून खाली पडतं. धान्य बदललं की जाळी बदलायची. बाजरी हवी तेवढीच दळता येते, कडवट व्हायचा प्रश्न मिटला. पण अमेरिकेतल्या रूथ श्वार्ट्झ कोवान या इतिहासकार बाईंनी 1983 साली एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की तिकडे घरात यंत्रं आली तेव्हा पुरुषांची आणि मुलांची घरकामं गेली, बाईचे कामाचे तास मात्र फारसे कमी झाले नाहीत. आपल्या गटांतल्या ज्या घरांत घरघंटी आली तिथे आम्ही हेच बघतो. सायकलवरचा मुलगा मोकळा झाला. दळण पुन्हा आईकडे आलं. शिवाय ‘घरचीच गिरणी आहे’ म्हणून नाचणीचं वेगळं, भाजणीचं वेगळं, थालीपिठाची फर्माईश आज आणि लगेच.

तरी आम्ही घरघंटीच्या कर्जाच्या बाजूने आहोत. 1992 साली नाबार्डने गट आणि बँक जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून गटाच्या आपल्या बचतीतून कोणाला कशासाठी कर्ज द्यायचं हे गटच ठरवत आला आहे. आजारपणाला देतो, शाळेच्या फीला देतो. मग बाईच्या खांद्याला का नाही? फक्त कर्ज मंजूर करताना तीन गोष्टी विचारा. घरात जाड वायरचा मोठा प्लग आणि अर्थिंग आहे का? पावती कोणाच्या नावावर होणार? आणि दळण लावणार कोण, जाळी झाडणार कोण? बटण दाबायला ताकद लागत नाही, बारा वर्षांच्या पोरालाही शिकवलं तर येतं. शेजारणींचं दळण पैसे घेऊन करायचं असेल, तर घरगुती मीटरवर चालेल का ते वीज कार्यालयात आधी विचारून घ्या.

आणि कोपऱ्यातलं जुनं जातं भंगारात काढू नका. हळदीला लागतंच, तेव्हा गावभर शोधायची वेळ येते. ज्यांच्या घरी अजून आहे त्यांनी पुढच्या बैठकीत नाव सांगा, गटाच्या वहीत लिहून ठेवू.