धुकधुकी

बूढापाऱ्यातल्या आमच्या घरी गेल्या श्रावणात एक यंत्र चोवीस तास राहून गेलं. काड्यापेटीहून थोडं मोठं, आईच्या कमरेला पट्ट्यानं बांधलेलं, त्यातून निघालेल्या तारा छातीवर चिकटवलेल्या. सोबत एक छापील कागद होता: वेळ, काय करत होता, काय वाटलं. आईला चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून तो भरायचं काम माझ्याकडे आलं. भाषांतर हा माझा व्यवसाय. मला वाटलं, यात काय अवघड आहे?

अवघड होतं, आणि त्याची सुरुवात आधीच झाली होती. दोन महिन्यांपूर्वी आई म्हणाली होती, ‘जीव घाबरा होतो ग.’ दवाखान्यात मी ते हिंदीत सांगितलं, ‘इन्हें घबराहट होती है.’ ईसीजी काढला, तो स्वच्छ आला. डॉक्टरांनी चिंता कमी करा म्हणून गोळ्या लिहून दिल्या. चूक त्यांची एकट्यांची नव्हती. मराठीत जीव घाबरा होतो तेव्हा श्वास, छाती, घाम असं सगळं शरीर त्यात असतं. माझ्या हिंदी वाक्यातून तिचं शरीर गळलं आणि मन तेवढं उरलं. पुढे बुढा तलावाच्या बाजूनं घरी परतताना ती डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसली, तेव्हा कुठे आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी समजावलं ते साधं होतं. नेहमीचा ईसीजी सुमारे दहा सेकंदांची पट्टी असतो. दिवसाचे सेकंद 86,400, आणि हृदयाचे ठोके सुमारे एक लाख. ज्या दहा सेकंदांत आई टेबलावर निजली होती, त्या वेळी तिचं हृदय नीट चाललं असेल. बाकीच्या दिवसाचं काय?

हा प्रश्न जुना आहे. तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या शार्ङ्गधर संहितेत नाडीची चाल प्राण्यांच्या चालीवरून सांगितली आहे: वाताची नाडी साप-जळवेसारखी, पित्ताची कावळा-बेडकासारखी, कफाची हंस-पारव्यासारखी. थांबून थांबून चालणारी नाडी प्राणघातक, हेही तिथे आहे. वैद्य एका परीनं भाषांतरच करत होता, बोटांना कळलेलं पक्ष्यांच्या भाषेत मांडत होता. पण त्यासाठी त्याचं बोट त्या क्षणी मनगटावर असावं लागे.

1887 मध्ये लंडनला ऑगस्टस वॉलर यांनी शरीर न उघडता माणसाच्या हृदयातली वीज प्रथम नोंदवली. जिमी नावाच्या आपल्या बुलडॉगला मिठाच्या पाण्यात उभं करून ते हा प्रयोग दाखवत. हॉलंडमध्ये लायडनला विलेम आइन्टहोवन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तारेचा गॅल्व्हानोमीटर बांधला, आणि हृदयाची रेषा स्पष्ट दिसू लागली. यंत्राचं वजन सुमारे 270 किलो, चालवायला पाच माणसं. रुग्ण दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. हे धूड इस्पितळात नेता येईना आणि खाटेवरचा रुग्ण प्रयोगशाळेत आणता येईना. मग 1905 मध्ये आइन्टहोवननी इस्पितळापासून सुमारे दीड किलोमीटर अंतरावरच्या प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनच्या तारेतून ठोके आणवले. घरबसल्या हृदय तपासण्याच्या कल्पनेचं मूळ इथे आहे. 1924 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पण रुग्ण अजून बसलेलाच होता. त्याला उठवून चालतं केलं ते अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या हेलेना गावच्या नॉर्मन होल्टर यांनी. हे डॉक्टर नव्हते, भौतिकशास्त्रज्ञ होते. 1946 च्या बिकिनी बेटावरच्या अणुचाचण्यांत त्यांनी काम केलं होतं. टेबलावर निजलेल्या माणसाचं हृदय म्हणजे कामाला लागलेल्या माणसाचं हृदय नव्हे, एवढाच त्यांचा आग्रह. 1947 मध्ये त्यांनी पाठीवर सुमारे 38 किलोंचं ओझं घेतलं आणि स्थिर सायकल मारत स्वतःच्या हृदयाची रेषा रेडिओवरून पाठवली. मग ट्रान्झिस्टर आले, ओझं उतरत गेलं. 1961 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांनी ही पद्धत मांडली. आईच्या कमरेला होतं ते याच घराण्यातलं यंत्र, आणि त्याला आजही होल्टरच म्हणतात.

आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं हातात मावणारं टेली-ईसीजी यंत्र तयार केलं. त्यातली पट्टी मोबाइलवरून दूरच्या डॉक्टरांकडे जाते. 2018 मध्ये ॲपलच्या घड्याळात ईसीजी आला. एका मनगटावर घड्याळ आणि त्याच्या बटणावर दुसऱ्या हाताचं बोट, म्हणजे दोन हातांमधली वीज मोजायची. आइन्टहोवनच्या रुग्णाचे दोन हात आठवा. फक्त पाण्याची भांडी गेली.

त्या चोवीस तासांत मी दुसऱ्यांदा चूक करायची नाही असं ठरवलं. आई जे म्हणेल ते, तिच्याच शब्दांत. ‘सकाळी 10.20, भाजी निवडताना, छातीत पारवा फडफडला.’ ‘दुपारी 4.05, जिना चढताना, धाप.’ ‘संध्याकाळी 6.50, देवापाशी दिवा लावताना, क्षणभर अंधारी.’ खाली हिंदीत अर्थ लिहिला, पण मूळ शब्द खोडले नाहीत.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी अहवाल आणि आमचा कागद शेजारी ठेवले. पारव्याच्या वेळी रेषेत थोडे जादा ठोके होते. फारसे काळजीचे नव्हते. पण 6.50 ला हृदय चार सेकंदांहून अधिक थांबलं होतं. रात्री झोपेतही काही लहान विराम होते. ते आईला कळले नव्हते. डॉक्टर म्हणाले, नुसत्या रेषेवरून मी थोडा थांबलो असतो. तुमच्या कागदावर त्याच मिनिटाला ‘अंधारी’ आहे, म्हणून थांबणार नाही. पुढच्या आठवड्यात आईला पेसमेकर बसला.

नंतर कोशात ‘धुकधुकी’ शोधत होते. बूढापाऱ्यात आम्ही दोन्ही भाषा एकाच ताटात जेवतो, त्यामुळे शब्द कुठला कुणाचा ते पुष्कळदा पाहावं लागतं. हिंदीत धुकधुकी म्हणजे काळजाची धडधड, आणि गळ्यातून छातीवर लोंबणारा दागिनाही. मराठीत धुगधुगी म्हणजे विझत आलेल्या जिवाची शेवटची हालचाल. आईला दोन्ही अर्थ सांगितले. कॉलरबोनखालच्या उंचवट्यावर हात ठेवून ती म्हणाली, ‘मग हा दागिनाच की. पण कागद तू नीट लिहिलास हो.’

तो कागद मी जपून ठेवला आहे. माझ्या एवढ्या वर्षांच्या भाषांतरांत मूळ शब्द शेजारी राहू दिल्याचा पश्चात्ताप न झालेलं ते एकच पान आहे.