लॅपटॉपमधल्या खरखरीची दोन कुळे

लॅपटॉपच्या आवाजात येणाऱ्या खरखरीची कुळे दोन: एक विजेचे, दुसरे वेळेचे. पहिले रेडिओकडून वारशाने आले, दुसरे संगणकाच्या पोटी जन्मले. जुन्या लॅपटॉपमध्ये दोन्ही एकत्र नांदतात, म्हणून दुरुस्तीला बसणारा माणूस अनेकदा भलत्याच ठिकाणी दोष शोधतो.

रेडिओचे आवाजाचे बटण फिरवताना होणारी खरखर बटणामागच्या पॉटमधून येई. पॉटमध्ये कार्बनचा पट्टा असतो आणि त्यावर धातूची जीभ सरकते. पट्टा झिजला किंवा त्यावर धूळ बसली की संपर्क मधेमधे तुटतो. १९९० च्या दशकातल्या कित्येक लॅपटॉपांच्या कडेला आवाजासाठी असेच दातेरी चाक असे. त्याची खरखरही तीच आणि इलाजही तोच: क्लीनर स्प्रे मारायचा आणि चाक दहा-वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे. पुढे चाक जाऊन बटणे आली, तरी हेडफोनचे सॉकेट राहिले. वर्षानुवर्षे पिन घालून-काढून त्याच्या पत्त्या सैल होतात आणि बोर्डावरच्या सोल्डरला बारीक तडा जातो. पिन हलवल्यावर खरखर बदलली, तर दोष इथेच असण्याची शक्यता मोठी.

१९८१ च्या आयबीएम पीसीला स्पीकर होता तो ‘बीप’पुरता. १९८७ मध्ये कॅनडातल्या ॲडलिब कंपनीचे कार्ड आले आणि १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्हचे साउंड ब्लास्टर. त्यांच्यामुळे पीसीवर खरे संगीत वाजू लागले आणि एक नवी अडचणही उभी राहिली. आवाजाचा नाजूक, चढ-उतारांचा संकेत आता लक्षावधी वेळा चालू-बंद होणाऱ्या सर्किटांच्या शेजारी राहायला आला. हेडफोन लावून बसलेल्याला माउस हलवताना किंवा डिस्क फिरताना बारीक चिरचिर ऐकू येई. इंटेलच्या १९९७ च्या एसी’९७ या मानकाने त्यावर साधा पण शहाणा तोडगा काढला. आकड्यांचे काम करणारा भाग मुख्य चिपमध्ये ठेवला, आकड्यांचा आवाज करणारा कोडेक वेगळा काढला आणि दोघांना पाच तारांनी जोडले. कोडेक गोंगाटापासून दूर, सॉकेटजवळ बसवता येऊ लागला. लॅपटॉपमध्ये मात्र दूर जायला जागाच कुठे होती?

चार्जरने त्यात भर घातली. लॅपटॉपचा चार्जर वीज अतिवेगाने तोडत-जोडत रूपांतरित करतो. अर्थिंग नसेल किंवा बिघडलेले असेल, तर तो गोंगाट हेडफोनच्या किंवा बाहेरच्या ॲम्प्लिफायरच्या तारेत उतरतो. बॅटरीवर चालवताच आवाज स्वच्छ होतो, हीच त्याची खूण. जीएसएम मोबाइलची ‘टर्र टर्र’ही याच कुळातली. हे फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा लहरींचे झटके सोडतात आणि जवळच्या स्पीकरची तार ते झेलते.

दुसऱ्या कुळात तारांचा दोष नसतो. आवाज नमुन्यांच्या रूपात बफर नावाच्या हौदात भरला जातो आणि कोडेक तो ठरल्या गतीने उपसतो. सेकंदाला ४८,००० नमुने धरले तर १० मिलिसेकंदांत ४८० नमुने लागतात. तेवढ्या वेळात प्रोसेसर नवे नमुने घेऊन पोचला नाही, तर हौद कोरडा पडतो आणि कानाला ‘टक’ ऐकू येते. असे वारंवार झाले की त्याचीच खरखर होते. विंडोजवर हा उशीर बहुधा वाय-फायच्या किंवा बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या ड्रायव्हरमुळे होतो. तो प्रोसेसर अडवून बसतो आणि आवाज ताटकळतो. विजेची बचत हेही एक कारण. इंटेलने २००० मध्ये स्पीडस्टेप आणल्यापासून लॅपटॉपचा प्रोसेसर गरजेप्रमाणे गती बदलू लागला. पुढे कोडेकही रिकाम्या वेळात झोपू लागला. तो जागा होतानाचा ‘टक’ तर अनेकांच्या परिचयाचा आहे.

लिनक्सवर नोव्हेंबर २००७ च्या फेडोरा ८ या आवृत्तीपासून पल्सऑडिओ हे आवाज हाताळणारे सॉफ्टवेअर रुळू लागले. २००८ मध्ये त्यात वेळ मोजून बफर भरण्याची पद्धत आली आणि अनेक यंत्रांवर खरखर सुरू झाली. दोष पल्सऑडिओच्या माथी मारला गेला, पण तो पुरता न्याय्य नव्हता. बफर कुठवर उपसला गेला हे कित्येक ड्रायव्हर चुकीचे सांगत होते. जुन्या पद्धतीत ते खपून जाई, नव्या पद्धतीत उघडे पडले. पल्सऑडिओचे ‘टीशेड’ हे सेटिंग शून्य करून वेळ मोजण्याची पद्धत बंद केली की बहुतेकदा आवाज सुधरे.

म्हणून तपासणीचा क्रम ठरला तो कुळ ओळखण्यासाठी. आधी चार्जर काढून ऐकायचे. मग हेडफोन लावून ऐकायचे. तिथे आवाज स्वच्छ असेल, तर संशय लॅपटॉपच्या स्पीकरवर, त्याच्या फाटक्या पडद्यावर किंवा आत अडकलेल्या कचऱ्यावर. मग वाय-फाय बंद करून पाहायचे. शेवटी यूएसबीचे बाहेरचे साउंड कार्ड लावायचे. यूएसबीवरून आवाज नेण्याचे मानक १९९८ चे असल्याने जुन्या लॅपटॉपलाही ते चालते. त्यामुळे बोर्डावरचा कोडेक आणि झिजलेले सॉकेट दोन्ही वाटेतून बाजूला होतात. खरखर थांबली, तर दोष त्या दोघांच्या बाजूला होता. तशीच राहिली, तर बफर वेळेवर भरत नसल्याचा संशय पक्का होतो, आणि मग स्क्रूड्रायव्हर ठेवून ड्रायव्हर तपासायला घ्यायचे.