वीस पौंड आणि एक वर्ष

परदेशी सेवाकार्याला जाणारा तरुण प्रवासभाड्याबरोबरच राहण्याजेवण्याचे आणि नोंदणीचेही पैसे स्वतः भरतो, याचे आपल्याकडे अजूनही नवल वाटते. श्रम द्यायचे आणि वर पैसेही मोजायचे, हा कुठला व्यवहार? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला वर्धा जिल्ह्याचा इतिहास आठवतो.

१९२४ च्या सप्टेंबरात गांधीजींनी दिल्लीत एकवीस दिवसांचा उपवास आरंभला. तो निर्विघ्न पार पडल्यावर मॅडलिन स्लेड या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याच्या मुलीने कृतज्ञतेपोटी त्यांना वीस पौंड पाठवले. हाती शिल्लक नव्हती, म्हणून आजोबांनी दिलेले हिऱ्याचे पदक तिने विकले होते. रोमाँ रोलाँ यांनी लिहिलेले गांधीचरित्र वाचून तिने बोटीची जागाही आधीच राखली होती; पण आपली तयारी नाही हे उमगताच तिने प्रवास वर्षभर लांबवला. त्या वर्षात ती सूत कातायला शिकली (कापूस मिळेना म्हणून लोकरीवर!), मांसाहार सोडला, जमिनीवर मांडी घालून बसण्याचा सराव केला, स्वित्झर्लंडमधील शेतकऱ्यांबरोबर शेतात राबली. गांधीजींनी उत्तरात पैशांबद्दल आभार मानले, ते चरख्याच्या प्रसारासाठी वापरू असे कळवले आणि वर्षाच्या कसोटीनंतरही ओढ टिकली तर येणे योग्य ठरेल, असा अभिप्राय दिला. त्या पत्रातील हा विवेक आम्हांला फार मोलाचा वाटतो. देणगी चरख्याकडे गेली. प्रवेशाची कसोटी मात्र वेगळीच राहिली. ७ नोव्हेंबर १९२५ रोजी मॅडलिन साबरमतीला पोहोचली आणि पुढे मीराबेन झाली.

१९३५ मध्ये गांधीजींचा मुक्काम वर्ध्याच्या मगनवाडीत असताना लगतच्या सिंदी गावात (ही सिंदी रेल्वे नव्हे) सकाळी उघड्यावरचा मैला बादलीत भरून उचलण्याचे काम सुरू झाले. मीराबेन त्यात होत्या. पुढे त्या शेगावला राहायला गेल्या. १९३६ मध्ये गांधीजीही तेथे आले आणि १९४० मध्ये त्याच गावाचे सेवाग्राम झाले. मात्र १९३६ मध्येच मीराबेन विषमज्वराने अंथरुणाला खिळल्या आणि शुश्रूषा करायला आलेल्या व्यक्तीचीच शुश्रूषा आश्रमाला करावी लागली.

प्रश्नाचे मूळ आम्हांला इथे दिसते. दूरदेशीचा स्वयंसेवक आधी पाहुणा असतो. त्याला भाषा येत नाही, पाणी बाधते, काम शिकवायला एखादा जाणता माणूस अडकून पडतो. हा खर्च कोणीतरी सोसतोच. पाहुण्याने सोसला नाही तर तो यजमान गावाच्या माथी बसतो. शिवाय पाहुणा जे घेऊन जातो त्याचा हिशेब कोण ठेवणार? लान्झा देल व्हास्तो १९३७ मध्ये वर्ध्याला काही महिने राहिला, गांधीजींकडून ‘शांतिदास’ हे नाव घेऊन परतला आणि त्या यात्रेवर त्याने फ्रेंचमध्ये लिहिलेला ग्रंथ १९४३ मध्ये प्रसिद्ध होऊन गाजला. देवघेवीत वर्ध्याचेच देणे जड झाले असावे, असा आमचा तर्क आहे.

उलट उदाहरणही आहे. पिएर सेरेसोल या स्विस अभियंत्याने १९२० मध्ये व्हर्दूनजवळच्या युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या गावात जे बिनपगारी श्रमकार्य आरंभले, त्यातून आंतरराष्ट्रीय नागरी सेवेची संघटना उभी राहिली. १९३४ च्या भूकंपानंतर सेरेसोल स्वतः बिहारात आला. तिचेच स्वयंसेवक १९५४ मध्ये वर्धा जिल्ह्याशेजारी, वरोऱ्याच्या आनंदवनात पोहोचले आणि हिंगणघाटात जन्मलेल्या बाबा आमटे यांच्या वसाहतीत बांधकामाला लागले. कुष्ठरोग्यांच्या सावलीलाही भिणाऱ्या गावकऱ्यांनी हे परके लोक त्यांच्यात राहताना, जेवताना पाहिले. त्या काळी याचे मोल भिंतींहून मोठे होते.

म्हणून स्वयंसेवकाने पैसे भरण्यात आम्हांला गैर दिसत नाही. आमची हरकत पुढच्या पायरीला आहे. आज अनेक ठिकाणी शुल्क भरले की जागा पक्की होते, तयारी कोणी विचारीत नाही. आणि पाहुण्यांचे पैसे येतात म्हणून नेपाळ, कंबोडियासारख्या देशांत आईबाप असलेली मुलेही अनाथालयांत ठेवली गेली. गांधीजींनी वीस पौंड ठेवून घेतले, पण वर्षाची कसोटी माफ केली नाही.