पथ्याची शिदोरी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भिवापूर म्हटले की मिरची आठवते. भौगोलिक मानांकन मिळालेली ही लालभडक मिरची लांबून लांबून मागवली जाते. पण नागपूर-नागभीड मार्गावरच्या छोट्या गाडीने, २०१९ साली ती बंद पडेपर्यंत, मिरचीबरोबर माणसेही पुष्कळ नेली-आणली. त्यांत मधुमेहाचे रुग्ण असतच. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता आणि आजही आहे : घरी पथ्य पाळता येते, प्रवासात आणि पाहुणचारात ते कसे पाळायचे? पंगतीत पानावर भात वाढला जातो, त्यावर पुरणपोळीचा आग्रह होतो. नाही म्हणावे तर यजमान दुखावतो, हो म्हणावे तर साखर वाढते.

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी आपल्या दोन थोर पुढाऱ्यांनाही पडला होता. गोपाळ कृष्ण गोखले आणि लोकमान्य टिळक यांचे राजकारण जुळले नाही, पण दोघांनाही मधुमेह होता आणि दोघांचेही आयुष्य प्रवासात गेले. तेव्हा इन्शुलिन नव्हते. आहार आवरणे हाच काय तो खरा उपचार होता.

गोखले १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत गेले, तेव्हा गांधीजींच्या टॉलस्टॉय फार्मवर उतरले. स्टेशनपासून पायी जाताना पावसात भिजून त्यांना सर्दी झाली. गांधीजींनी त्यांच्यासाठी मुद्दाम सूप केले, सहकारी कोतवालांनी वेगळ्या चपात्या केल्या. पण स्वयंपाकघरापासून गोखल्यांच्या खोलीपर्यंत नेईतो सगळे गार होई. गांधीजींनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. पाहुण्याची प्रकृती जपण्याची मनापासून इच्छा होती, तरी तेवढ्याने सोय होत नव्हती. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले, तेव्हा प्रकृतीसाठी गेलेले गोखले पॅरिसमध्ये अडकून पडले. पुढच्याच वर्षी, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८व्या वर्षी ते गेले.

टिळकांचा प्रवास सक्तीचा होता. १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. तिथे त्यांनी गहू-तांदूळ सोडून सातूच्या पिठाच्या पुऱ्यांवर भर दिला. सातू म्हणजे जव. प्रमेहाच्या रुग्णाला जव द्यावेत, असे चरकसंहितेतही सांगितले आहे. म्हणजे परक्या मुलुखातल्या तुरुंगात त्यांनी आपल्याकडचेच जुने पथ्य पाळले. तेही एकट्याच्या बळावर नव्हे. स्वयंपाक करून द्यायला एक कैदी सोबत होता. सुटल्यावर १९१६ साली त्यांनी होमरूल लीग काढली. तिच्या क्षेत्रात वऱ्हाड आणि मध्य प्रांत, म्हणजे आपला नागपूरचा भागही होता. गावोगाव सभा, सत्कार आणि मेजवान्या आल्या. चिरोल खटल्यासाठी सप्टेंबर १९१८मध्ये ते विलायतेस निघाले आणि नोव्हेंबर १९१९मध्ये परतले, तेही साठी उलटल्यावर.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. त्यानंतर दीड वर्षही उलटले नव्हते, तोच ११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचे इंजेक्शन दिले गेले. मधुमेहाचा इतिहास तिथे बदलला.

पथ्य मात्र संपले नाही. त्याचे रूप बदलले. गोखले-टिळकांना भीती होती ती जास्त खाण्याची. आज इन्शुलिन घेणाऱ्याला वेळेवर न खाण्याचीही भीती असते. इंजेक्शन घेतले, एस.टी. वाटेत बंद पडली आणि जेवण लांबले, तर साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हात कापतात, भोवळ येते. म्हणून ज्याला एरवी साखर वर्ज्य, त्याच्याच खिशात साखरेची पुडी हवी. सोबत भाकरी, फुटाणे असावेत. विदर्भाच्या उन्हाळ्यात इन्शुलिनही जपावे लागते. बंद गाडीत ते तापू देऊ नये. फ्रिज नसेल तिथे ओल्या मातीच्या भांड्यात, बाटली कोरडी राहील अशा बेताने ठेवले, तर पुष्कळ टिकते. औषधाच्या वेळा मात्र निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्याव्यात.

आणि यजमानाने काय करावे? या जुन्या हकीकतींचा धडा खरे तर त्याच्यासाठीच आहे. गोखल्यांच्या चपात्या कोतवालांनी केल्या, टिळकांच्या पुऱ्या एका कैद्याने. पथ्य पाळणारा एक असतो, पण ते निभावून नेणारे हात दुसऱ्याचे असतात. तेव्हा पाहुण्याने पोळी नाकारली, तर ती आपली नाही, दुखण्याची नड समजावी. आग्रह करायचाच असेल तर भाजीचा करावा, आणि पान वेळेवर मांडावे. झुणक्यात भिवापुरी मिरची घालायला मधुमेहाची काही हरकत नाही.