मॅलरीचें हस्तलिखित व त्याजवरील आरोप

ग्रंथकर्त्याच्या हातून गुन्हा घडला असल्यास त्याच्या ग्रंथाची योग्यता कमी मानावी काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा नीतिशास्त्राच्या अंगानें होते. जुने कागद त्यावर काय प्रकाश टाकतात, हें सर टॉमस मॅलरी या इंग्रज ग्रंथकाराच्या उदाहरणावरून चांगलें दिसतें.

आर्थर राजा व त्याचे सरदार यांच्या कथांचा मॅलरीचा गद्यग्रंथ इ. स. १४६९-७० च्या सुमारास पुरा झाला व १४८५ सालीं कॅक्स्टननें तो छापिला. वॉरिकशायरमधील न्यूबोल्ड रेव्हेलचा मॅलरी तोच ग्रंथकर्ता, असें बहुतेक अभ्यासक मानितात. या गृहस्थावर १४५१ सालीं न्यूनीटन येथें ठेविलेले आरोप एडवर्ड हिक्स यांनीं १९२८ सालीं ग्रंथरूपानें पुढें आणिले. मठाची लूट, बकिंगहॅमच्या ड्यूकास मारण्यासाठीं धरलेला दबा आणि जोन स्मिथ नामक विवाहितेवर दोन वेळां बलात्कार, हे त्यांतील प्रमुख होत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नुसतें पळवून नेणें असाही होतो, हा बचाव येथें टिकत नाहीं. कारण आरोपांत अंगसंगाचा स्पष्ट उल्लेख आहे. उलट, चौकशीच्या आसनावर खुद्द बकिंगहॅमच होता, हेंही विसरतां येत नाहीं. मॅलरी अनेक वर्षें कैदेंत राहिला. परंतु आरोपांचा निवाडा कधींच झाला नाहीं.

१९३४ सालीं विंचेस्टर कॉलेजांत वॉल्टर ओकशॉट यांस या ग्रंथाचें हस्तलिखित सांपडलें. १९७६ सालीं तें ब्रिटिश लायब्ररीनें घेतलें. त्यांत कर्ता आपणांस बंदिवान सरदार म्हणवितो. आर्थरचे सरदार दरवर्षीं जी शपथ घेतात, तींत स्त्रियांवर कधींही जबरदस्ती करूं नये, केल्यास देहान्त, असें कलम आहे. ही शपथ मॅलरीची स्वतःची भर होय. आणि जबरदस्तीविषयींचे शब्द कॅक्स्टनच्या छापील ग्रंथांत नाहींत. म्हणजे ज्या आरोपावरून कर्ता दूषित ठरतो, त्याच अपराधास देहान्त सांगणारा पाठ केवळ पोथीनें राखिला.

यावरून कोणी म्हणतील, असें लिहिणारा निर्दोष असलाच पाहिजे. दुसरे म्हणतील, तो दोषी, म्हणून शपथ हें ढोंग. आमच्या मतें दोन्ही अनुमानें सदोष आहेत. सुंदर गद्य ही न्यायसभेंतील साक्ष नव्हे, आणि आरोपपत्र हा पाठ तपासण्याचा निकष नव्हे. शपथेचें वाङ्मयीन मोल तिच्या शब्दांवरून ठरावें. मॅलरीच्या वर्तनाचा निर्णय दप्तरावरून, आणि तोही दप्तर जेथवर नेईल तेथवरच.

मात्र दोन्ही कागद एकाच वाचकापुढें ठेवणें हें संपादकाचें कर्तव्य आहे. त्या स्त्रीचे स्वतःचे शब्द उरले नाहींत. उरलें आहे तें नांव. ग्रंथाच्या कीर्तीस जपण्यासाठीं तें चरित्रांतून गाळणें म्हणजे पुरावा नाहींसा करणेंच होय.