औंधकरांचे सचित्र महाभारत

महाभारताची जी चिकित्सित आवृत्ती आज जगभर प्रमाण मानतात, तिचा उगम साताऱ्याकडच्या एका संस्थानिकाच्या चित्रांच्या हौसेत आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हे काम तडीस नेले, पण पहिली मागणी होती सचित्र महाभारताची. ती करणारे होते औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१).

औंध संस्थान सलग नव्हतेच. औंध, आटपाडी, कुंडल असे त्याचे विखुरलेले तुकडे होते. उदाहरणार्थ, इस्लामपूर इंग्रजी मुलखात, वाळवे तालुक्याचे ठाणे. पण कृष्णा ओलांडून थोडे पुढे गेले की औंधकरांचे कुंडल लागे. तिथल्याच माळावर बाळासाहेबांनी जागा दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखान्यापासून सूर्यनमस्कारापर्यंत ज्या गोष्टीचा ध्यास घेत त्यात हा माणूस पुरता बुडून जाई. चित्रकलेचे वेड मात्र सर्वांत जुने. १९१६ मध्ये त्यांनी स्वतः काढलेल्या रंगीत चित्रांचे ‘चित्ररामायण’ मुंबईत छापून घेतले. रामायणानंतर महाभारत, हे ओघानेच आले.

१९१८ साली त्यांनी भांडारकर संस्थेला लाख रुपयांचे आश्वासन दिले. त्या काळचे लाख, आणि तेही उत्पन्नाच्या मानाने लहान संस्थानातून! पंडितांनी विचारले असणार: चित्रे काढायची ती कोणत्या पाठावरून? प्रांतोप्रांतीच्या पोथ्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. म्हणून आधी पाठ निश्चित करायचे ठरले आणि १ एप्रिल १९१९ रोजी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते कामाला आरंभ झाला. १९२५ मध्ये सूत्रे विष्णु सीताराम सुखटणकरांकडे आली. बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली शिकलेला हा संपादक पोथ्यांच्या बाबतीत कमालीचा कठोर होता.

आदिपर्वाचा खंड १९३३ मध्ये पुरा झाला. त्याच्या मुखपृष्ठानंतरच्या इंग्रजी शीर्षकपानावर सुखटणकरांबरोबर बाळासाहेबांचेही नाव आहे, ‘प्राचीन नमुन्यांवरून चित्रे काढणारे’ म्हणून. हा शब्दप्रयोग उगाच नाही. रविवर्म्याच्या छापील चित्रांनी घराघरांतली शकुंतला आणि दमयंती नऊवारीत आणून बसवली होती. औंधकरांना वेशभूषा आणि दागिने जुन्या शिल्पांतून, लेण्यांतून उचललेले हवे होते. अजिंठा आणि वेरूळ या दोन्ही लेण्यांवर त्यांनी पुस्तके लिहिली, ती याच ओढीने.

गंमत अशी, की चित्रांसाठी सुरू झालेल्या कामाने चित्रकारांचे लाडके प्रसंगच कापले. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे, हा कॅलेंडरांवरचा हुकमी देखावा पुरेशा जुन्या पोथ्यांचा आधार नसल्याने परिशिष्टात गेला. सूतपुत्राला वरणार नाही, हे स्वयंवरातले द्रौपदीचे बाणेदार उत्तर तळटीपेत गेले. सभापर्वात, एजर्टन यांच्या संपादनात, वस्त्रहरणाच्या वेळी तिने केलेला कृष्णाचा धावाही गळला. आदिपर्वातल्या शकुंतलेपाशी तर अंगठी आणि दुर्वासाचा शाप मुळातच नाहीत. ती कालिदासाची करणी. व्यासांची शकुंतला भर दरबारात दुष्यंताला खडसावते. रंगवायला हाही प्रसंग काही कमी नव्हे, पण लोकांच्या मनात बसली ती पायातला काटा काढण्याचे निमित्त करून वळून पाहणारी. याच आदिपर्वात ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा भेटतात. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी १९५९ मध्ये त्यांची कादंबरी केली आणि मराठी वाचकाला हा त्रिकोण तिथूनच पाठ झाला.

चिकित्सित आवृत्तीचे छापील पान पाहिले तर वर श्लोकांच्या थोड्या ओळी आणि खाली पोथीपोथीतले पाठभेद बारीक टाइपात, कित्येकदा अर्ध्याहून अधिक पानभर. अशा पानांच्या सोबतीला चित्र येते तेव्हा ते पाहुण्यासारखे अवघडून बसल्याचे वाटते. चैनीच्या आवृत्तीचा थाट इथे विद्वत्तेने पार झाकून टाकला आहे.

औंधमध्येच याच सुमारास दुसरेही महाभारत निघत होते. चित्रकारीकडून वेदाभ्यासाकडे वळलेले श्रीपाद दामोदर सातवळेकर आपल्या स्वाध्याय मंडळातर्फे हिंदी भाषांतरासह मूळ छापत होते; ते सामान्य वाचकासाठी होते.

सुखटणकर १९४३ मध्ये गेले, संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. १९ खंडांचे काम पुरे झाल्याचे राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी पुण्यात सप्टेंबर १९६६ मध्ये जाहीर केले. बाळासाहेबांचा चित्रसंग्रह यमाईच्या डोंगरावरच्या श्रीभवानी वस्तुसंग्रहालयात पाहता येतो. ते त्यांनीच १९३८ मध्ये उभारले.