विमानाची अनामत आणि बँकेचा कागद

विमान भाड्याने देणाऱ्याला घरमालकाचीच धास्ती असते: भाडेकरू भाडं थकवील आणि ताबाही सोडणार नाही. वर ही ‘जागा’ रातोरात दुसऱ्या देशात उडून जाऊ शकते. म्हणून अनामत, साधारण दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढी.

1973 साली कॅलिफोर्नियात आयएलएफसी आणि 1975 साली आयर्लंडमधल्या शॅननला टोनी रायन यांची जीपीए निघाली, तेव्हापासून विमानं भाड्याने देण्याचा धंदा फोफावला. पण विमान कंपनीच्या हातात रोख कधी मुबलक नसते. ताफ्यात तीस विमानं असली, तर तितक्या अनामती वर्षानुवर्षं अडकून पडणार. त्यावरचा तोडगा म्हणजे स्टँडबाय एलसी: रोख अनामतीऐवजी बँकेने द्यायचं लेटर ऑफ क्रेडिट, पतपत्र.

हा कागद विमानासाठी जन्मला नव्हता. मूळची एलसी मालाच्या व्यापाराची: माल जहाजावर चढल्याची कागदपत्रं दाखवा, बँकेतून पैसे घ्या. अमेरिकेत राष्ट्रीय बँकांना दुसऱ्यासाठी जामीन राहता येत नाही, असं न्यायालयं मानत. एलसी काढायला मात्र मोकळीक होती. मग जामिनालाच एलसीचा अंगरखा चढवला गेला. साधी एलसी सौदा पार पडल्यावर वटते, स्टँडबाय तो फिसकटल्यावर. होती पळवाटच, पण 1983 च्या सुधारणेत आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने तिला आपल्या नियमांत नावानिशी जागा दिली, आणि 1999 पासून तिची स्वतःची नियमावली आली, आयएसपी 98.

विमान देणाऱ्याला तिचं आकर्षण तिच्या कोरडेपणात आहे. ‘भाडेकरूने कसूर केली आहे’ एवढं एका पानावर लिहून, सही करून बँकेत द्यायचं. खरंच कसूर झाली का, हे बँक तपासत नाही. मजकूर ठरल्याबरहुकूम आहे का, एवढंच पाहते. 1941 साली न्यूयॉर्कमध्ये गाजलेल्या खटल्यात तक्रार होती, की लखनौच्या विक्रेत्याने ब्रशसाठीच्या राठ केसांऐवजी पेट्यांत गाईचे केस आणि कचरा भरून पाठवला. असं उघड कपट असेल तरच पैसे अडवता येतात, असं न्यायालयाने म्हटलं. एरवी बँक पेटी उघडत नाही.

दिवाळखोरीत हा कोरडेपणा कामी येतो. मे 2023 मध्ये मुंबईच्या गो फर्स्ट या विमान कंपनीचा दिवाळखोरी अर्ज दाखल झाला, वसुलीला स्थगिती लागली आणि मालकांची विमानं अडकली. 54 विमानांची नोंदणी रद्द करण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयातून यायला एप्रिल 2024 उजाडला. अशा वेळी बँकेचा कागद हे बँकेचं स्वतःचं देणं असतं, डबघाईला आलेल्या कंपनीचं नव्हे.

फुकट मात्र काहीच नाही. बँक कमिशन घेते, आणि कंपनी कमकुवत असेल तर शंभर टक्के रोख मार्जिन मागते. मग वाचलं काय? शिवाय मुदत साधारण वर्षाची. नूतनीकरण झालं नाही, तर मुदत संपण्याआधीच वटवायची तरतूद करारात घालून ठेवावी लागते.

आणि बँकेलाच पैसे द्यायला बंदी झाली तर? रशियन कंपन्यांना दिलेल्या विमानांपोटी स्बेरबँकेने काढलेल्या एलसींना युनिक्रेडिटच्या लंडन शाखेने दुजोरा दिला होता, म्हणजे पैसे द्यायची हमी स्वतःवरही घेतली होती. 2022 मध्ये रशियावर निर्बंध आले आणि शाखेने हात आखडता घेतला. 2023 मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने निकाल विमानमालकांच्या बाजूने दिला. 2024 मध्ये अपिलीय न्यायालयाने तो फिरवला. तोवर परवाना मिळवून मूळ रक्कम देऊन झाली होती. भांडण उरलं होतं व्याजाचं आणि खर्चाचं.